बाभळीचं आडनाव कोणी नेलं? अकेशिया नावाच्या भांडणाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये रेंज नाही किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना घेतलेले 'अं', 'म्हणजे' आणि मागे भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजची गोष्ट एका नावाची आहे. राजाचं नाव नाही, शहराचंही नाही, झाडाचं नाव. हसू नका. या एका नावासाठी दोन खंडांतले शास्त्रज्ञ सात-आठ वर्षं भांडले, व्हिएन्नात मतदान झालं, मेलबर्नमध्ये परत मतदान झालं. आणि हे सगळं ज्या झाडामुळे झालं ते तुमच्या-माझ्या गावाच्या बांधावर उभं आहे. बाभूळ.

सुरुवात माझ्यापासून करतो. गेल्या दिवाळीत बार्शीकडे गावी गेलो होतो. आजोबांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांच्या शेताच्या बांधावर एक जुनी बाभूळ आहे. मोबाईलमध्ये झाडं ओळखणारं एक अ‍ॅप नवीनच टाकलं होतं, म्हणून तिचा फोटो काढला. उत्तर आलं, 'व्हाचेलिया निलोटिका'. मला आठवत होतं की शाळेच्या पुस्तकात बाभळीचं शास्त्रीय नाव 'अकेशिया' होतं. वाटलं, अ‍ॅप चुकलं. तात्यांना दाखवलं तर म्हणाले, "बाभळच हाय ती. त्यात मोबाईलला काय इचारायचं?"

सुट्टी संपली, पुण्यात आलो. सोसायटीच्या गल्लीत एक झाड आहे. काटा नाही, विळ्यासारखी वाकडी पानं, पिवळी तुऱ्यासारखी फुलं. त्याचा फोटो काढला. उत्तर आलं, 'अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस'. म्हणजे आपण जिला 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' म्हणतो ती.

आता बघा. अस्सल काटेरी गावची बाभूळ अकेशिया नाही, आणि बाहेरून आणून रस्त्याकडेला लावलेली बिनकाट्याची ही पाहुणी अकेशिया आहे. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे पहिला विचार आला की डेटाबेसमध्ये कोणीतरी दोन रेकॉर्ड उलटे भरलेत. पण नाही. डेटाबेस बरोबर होता. रीनेम खरोखर झालं होतं, आणि त्यामागे मोठी कहाणी होती.

आडनाव आधी, नाव नंतर

आधी थोडी पायाभरणी. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला जीनसचा, म्हणजे आडनाव समजा. दुसरा त्या जातीचा, म्हणजे नाव. शाळेच्या हजेरीत कसं 'पाटील संतोष', 'पाटील सुनीता' असं आडनाव आधी यायचं, तसंच. अकेशिया निलोटिका म्हणजे अकेशिया घराण्यातली नाईलकाठची. 'निलोटिका' हा शब्द नाईल नदीवरूनच आलाय.

'अकेशिया' हा शब्द खूप जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याने औषधी वनस्पतींवर एक ग्रंथ लिहिला, जो पुढे दीडेक हजार वर्षं युरोप आणि अरब जगात वापरला गेला. त्यात इजिप्तच्या एका काटेरी झाडाचं वर्णन आहे, नाव 'अकाकिया'. हे नाव बहुतेक जण ग्रीकमधल्या टोक किंवा काटा या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. आणि ते झाड म्हणजे आपलीच बाभूळ. ती इथे वाढते तशीच इजिप्तमध्ये, सुदानमध्येही वाढते.

म्हणजे नावाचा अर्थच मुळात 'काटेवाली'. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1753 मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने त्याचा प्रसिद्ध ग्रंथ काढला, ज्याच्यापासून वनस्पतींच्या नावांची अधिकृत मोजणी सुरू होते. त्याने बाभळीला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं. हो, मिमोसा, म्हणजे लाजाळूचं घराणं. लगेच पुढच्या वर्षी, 1754 मध्ये, लंडनच्या चेल्सी बागेचा प्रमुख माळी फिलिप मिलर याने 'अकेशिया' हा वेगळा जीनस मांडला. 1813 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ देलील याच्या इजिप्तवरच्या लिखाणातून 'अकेशिया निलोटिका' हे नाव छापून आलं आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं तेच चाललं.

सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये टाकलं

आता ऑस्ट्रेलियाकडे जाऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज तिथे वस्ती करायला गेले. तिथे पिवळ्या फुलांची झाडंच झाडं. लवचिक फांद्या विणायच्या, वरून माती लिंपायची आणि भिंत उभी करायची, अशी त्यांची घरं असायची. कोकणातल्या लोकांना लगेच कळेल, आपल्याकडे कारवीच्या कुडाच्या भिंती असतात, अगदी तसंच. अशा विणलेल्या कुडाला इंग्रजीत 'वॉटल' म्हणतात. त्या झाडांचं नावच 'वॉटल' पडलं.

युरोपातल्या शास्त्रज्ञांकडे या झाडांचे वाळवलेले नमुने जहाज भरून यायला लागले. आता ही ठेवायची कुठे? जॉर्ज बेंथम नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1842 मध्ये एक सोपा नियम पक्का केला. बाभळीचं फूल आठवा. पिवळा गुबगुबीत चेंडू. तो चेंडू पाकळ्यांचा नसतो, पुंकेसरांचा असतो. बेंथम म्हणाला, ज्यांना असे भरपूर पुंकेसर आहेत आणि ते एकमेकांना चिकटलेले नाहीत, सगळे सुटे आहेत, ते सगळे अकेशिया. पुंकेसर बुडाशी जोडलेले असतील तर तो शिरीषाचा गट.

नियम एका ओळीचा, तपासायला सोपा. पण त्याने झालं काय, तर आफ्रिकेची बाभूळ, आपला खैर, शिकेकाई, अमेरिकेतली झुडपं आणि ऑस्ट्रेलियाची वॉटल, सगळी एकाच फोल्डरमध्ये गेली. फोल्डर फुगत गेलं. 2000 सालाच्या आसपास त्यात साधारण 1,350 जाती होत्या. त्यातल्या साडेनऊशेहून जास्त ऑस्ट्रेलियातल्या. फोल्डर जिच्या नावाने उघडलं, त्या बाभळीच्या जवळच्या नात्यात उरल्या फक्त 160 च्या आसपास.

असं नाही की आधी कोणाला शंकाच आली नाही. 1834 मध्ये रॉबर्ट वाइट, जो मद्रास इलाख्यात कंपनी सरकारचा डॉक्टर होता, आणि त्याचा स्कॉटिश सहकारी अर्नॉट या दोघांनी दक्षिण भारताच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी 'व्हाचेलिया' असा वेगळा जीनस केला. नाव दिलं जॉर्ज हार्वी व्हाचेल यांचं. हे मकाऊमधल्या इंग्रज वखारीचे पाद्री होते आणि चीनमधल्या वनस्पती गोळा करायचे. 1838 मध्ये अमेरिकेतल्या राफिनेस्क नावाच्या अवलिया निसर्गतज्ज्ञाने 'सेनेगालिया' हे नाव काढलं. हा माणूस दिसेल त्याला नाव द्यायचा, हजारो नावं देऊन ठेवली त्याने. जर्मन शास्त्रज्ञ मार्टियसने ऑस्ट्रेलियन झाडांसाठी 'रॅकोस्पर्मा' हे नाव सुचवलं.

बेंथमच्या वजनापुढे ही तिन्ही नावं बाजूला पडली. डिलीट मात्र झाली नाहीत. वनस्पतिशास्त्रात काहीच डिलीट होत नाही. जुन्या कमिटसारखी ती तिथेच पडून राहिली, कोणी परत बाहेर काढेपर्यंत.

काटा नीट बघा

पुढचं वाचण्याआधी एक प्रयोग सांगतो. गावी गेलात की करा.

बाभळीचा काटा बघा. सरळ, लांब, पांढुरका आणि जोडीने. प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन. हा काटा म्हणजे पानाच्या बुडाशी असणारी जी छोटी उपपर्णं असतात ना, त्यांचंच बदललेलं रूप आहे. हिवराचंही तसंच. मग खैराचा काटा बघा. आखूड, मांजराच्या नखासारखा वाकडा. तो उपपर्णाचा नाही, सालीवर उगवलेला आहे. शिकेकाईच्या वेलाचा काटाही असाच आकडेवाला, आणि त्याच आकड्यांनी तो दुसऱ्या झाडावर चढतो.

आणि मग ऑस्ट्रेलियन बाभूळ बघा. काटाच नाही. आणि ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाही, तो पानाचा देठ आहे, चपटा होऊन पानाचं काम करणारा. खोटं वाटत असेल तर बी पेरून बघा. रोपाला पहिली काही पानं बारीक चिंचेसारखी येतात. मग एखादं असं येतं की पुढे चिंचेसारखं पान आणि मागे देठ रुंद झालेला. आणि त्यानंतर फक्त देठच. झाड आपल्या पूर्वजांची गोष्ट आपल्यासमोर रिप्ले करून दाखवतं.

तर डोळ्यांनी बघितलं तरी हे तीन वेगळे प्रकार दिसतात. 1986 मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच लेस्ली पेडली यांनी म्हटलं की अकेशियाचे तीन जीनस करा: अकेशिया, सेनेगालिया आणि रॅकोस्पर्मा. त्यांच्या हिशोबात बाभूळ अकेशिया राहणार होती आणि त्यांच्या स्वतःच्या देशाची वॉटल रॅकोस्पर्मा होणार होती. त्यांच्याच देशात फार कोणी ऐकलं नाही.

मग डीएनए आला. 1990 च्या दशकाच्या शेवटी आणि 2000 नंतर एकामागून एक अभ्यास आले आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. अकेशिया हे एक कुटुंब नाहीच. बाभळीचा गट वेगळा, खैराचा वेगळा, अमेरिकेतले दोन छोटे गट वेगळे. आणि ऑस्ट्रेलियन वॉटल? ती बाभळीपेक्षा शिरीषाच्या आणि आपल्या रस्त्यांवरच्या रेन ट्रीच्या जास्त जवळची निघाली. म्हणजे 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' हे आपलं मराठी नावही फसवंच. ती बाभळीची बहीण नाही, लांबची पाहुणी आहे.

फोल्डर फोडायचं हे आता नक्की. प्रश्न एकच उरला. पाच भाग झाल्यावर जुनं नाव कोणाकडे जाणार?

नियम आणि अपवाद

घराची वाटणी झाली की देव्हारा कोणाकडे जाणार हे ठरलेलं असतं. वनस्पतिशास्त्रातही ठरलेलं आहे. प्रत्येक जीनसला एक 'टाइप' जाती असते. ती त्या नावाची खुंटी. जीनस कितीही फोडा, नाव टाइपबरोबर जातं. बाकीच्यांनी दुसरं नाव शोधायचं. अकेशियाची टाइप कोण, तर 1913 मध्ये ब्रिटन आणि ब्राउन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती नक्की केली होती. बाभूळ. आणि ते साहजिकच होतं, कारण डायोस्कोरिडीसपासून नाव तिचंच होतं.

म्हणजे नियमाने बाभूळ अकेशिया, खैर सेनेगालिया आणि ऑस्ट्रेलियाच्या साडेनऊशे जाती रॅकोस्पर्मा.

इथे ऑस्ट्रेलियात धाबं दणाणलं. का, ते समजून घ्या. वॉटल तिथे साधं झाड नाही. ऑस्ट्रेलियाची क्रिकेट जर्सी डोळ्यांसमोर आणा, हिरवी आणि सोनेरी. ते त्यांचे राष्ट्रीय रंग आहेत, 1984 मध्ये अधिकृत झालेले, आणि वॉटलच्या पानाफुलांची आठवण करून देणारे. 1988 मध्ये गोल्डन वॉटल, म्हणजे अकेशिया पिक्नान्था, हे त्यांचं अधिकृत राष्ट्रीय फूल झालं. दर 1 सप्टेंबरला तिथे वॉटल डे असतो. आणि आता त्या फुलाला रॅकोस्पर्मा म्हणायचं?

त्यात आणखी एक तांत्रिक लफडं. लॅटिनमध्ये नावांना लिंग असतं. अकेशिया स्त्रीलिंगी, रॅकोस्पर्मा नपुंसकलिंगी. त्यामुळे आडनाव बदललं की नावाचं शेपूटही बदलणार. पिक्नान्थाचं पिक्नान्थम होणार. म्हणजे नुसतं फाइंड अँड रिप्लेस नाही, शेकडो नावं हाताने तपासायची. व्हाचेलिया आणि सेनेगालिया मात्र स्त्रीलिंगीच, तिथे शेपटांना धक्का नाही.

2003 मध्ये टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला. नियमावलीत एक सोय आहे. एखादा नियम पाळल्याने फारच गोंधळ होणार असेल तर अपवाद करून नाव 'राखून' ठेवता येतं. ते म्हणाले, अकेशियाची टाइप बदला. बाभळीच्या जागी ऑस्ट्रेलियातली अकेशिया पेनिनर्व्हिस ही जाती टाइप करा. मग साडेनऊशे नावं जशीच्या तशी राहतील आणि बाभळीच्या गटातल्या 160 च्या आसपास नावांना त्रास होईल. खैराच्या गटाला तर दोन्हीकडून बदलायचंच आहे.

इंजिनिअर म्हणून मला हे लगेच पटलं. कमीत कमी ब्रेकिंग चेंज. पण थांबा.

आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी विचारलं, हा कुठला न्याय? सवाना म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर जे छत्रीसारखं झाड येतं, खाली जिराफ उभा, ते अकेशिया. डिंकाचा व्यापार अकेशियाचा. नाव हजारो वर्षांपासून इथलं. तुमच्याकडे जाती जास्त आहेत म्हणून नाव तुमचं? आणि जातींची संख्या मोजता, तर तीच नावं वापरणारी माणसं आणि देश किती, तेही मोजा. आफ्रिका, अरबस्तान, भारत, पाकिस्तान. शिवाय टाइपचा नियम आहे कशासाठी? नाव कोणाच्या वजनावर फिरू नये यासाठीच ना?

जास्त मतं पडली तरी हरले

आता मतदान. आणि इथे मला खरंच राग आला होता, वाचताना.

प्रस्ताव आधी बीजधारी वनस्पतींच्या समितीकडे गेला. तिथे मतं पडली 9 विरुद्ध 6. शिफारसीला 60 टक्के लागतात. पंधरातली नऊ म्हणजे बरोबर 60. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

मग जुलै 2005, व्हिएन्ना. आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेस. ही दर सहा वर्षांनी भरते आणि नावांचे नियम तिथेच ठरतात. प्रश्न कसा विचारला गेला ते बघा. 'प्रस्ताव मंजूर करायचा का?' असं नाही. समितीची शिफारस ही आधीच डिफॉल्ट धरली गेली आणि ती उलटवायची असेल तर 60 टक्के मतं हवीत असं ठरलं.

निकाल आला. शिफारशीच्या विरोधात 54.9 टक्के. बाजूने 45.1 टक्के.

हॉलमधल्या बहुमताने 'नको' म्हटलं, आणि प्रस्ताव पास झाला. कारण 'नको' म्हणणारे 60 पर्यंत पोहोचले नाहीत. अकेशिया ऑस्ट्रेलियाला गेलं.

थोडं प्रामाणिकपणे बघू. 60 टक्क्यांचा नियम मूर्खपणाचा नाही. नियम सारखे बदलू नयेत म्हणूनच मोठं बहुमत मागतात. पण मोठं बहुमत बदलाला लागायला हवं, जे आहे ते टिकवायला नाही. इथे डिफॉल्ट काय, हा सगळा वाद होता. बाभळीची बाजू म्हणत होती, डिफॉल्ट म्हणजे अडीचशे वर्षांचं नाव. व्यासपीठ म्हणत होतं, डिफॉल्ट म्हणजे समितीचा अहवाल. ज्याने डिफॉल्ट ठरवलं, तो जिंकला. अ‍ॅपमधला आधीच टिक केलेला चेकबॉक्स आठवतो का? तसंच.

पुढची सहा वर्षं लेखांवर लेख, पत्रांवर पत्रं. काहींनी व्हिएन्नाची प्रक्रियाच बेकायदा म्हटली. मग जुलै 2011. पुढची काँग्रेस. आणि ती भरली कुठे? मेलबर्नला! व्हिएन्नाची छापील नियमावली आहे तशी पुढच्या कामाचा पाया म्हणून स्वीकारायची का, यावर मतदान झालं. अकेशियाची नवी नोंद त्यातच होती. सुमारे 68 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. तडजोडीचे प्रस्तावही आले, दोन्ही बाजूंना अकेशियावरून बनवलेली नवीन नावं द्यावीत वगैरे. तेही पडले. विषय संपला.

त्याच मेलबर्नच्या सभेत आणखी एक मोठा निर्णय झाला. 2012 पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालेल आणि ते ऑनलाइन प्रसिद्ध केलं तरी ग्राह्य धरलं जाईल. आज त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो, आपल्या सह्याद्रीत नवीन झाडं शोधणाऱ्यांनाही.

मग आपलं काय झालं?

आपल्याकडे फारसा आवाज झाला नाही. बाभूळ 2008 मध्येच एका संदर्भग्रंथात व्हाचेलिया निलोटिका झाली होती, खैर सेनेगालिया कॅटेचू. पुढे 2013 मध्ये हिवर व्हाचेलिया ल्युकोफ्लोइया झाला. शिकेकाईही सेनेगालियात गेली. पण घरातली शिकेकाईची पुडी उलटी करून बघा, बऱ्याचदा अजून 'अकेशिया कॉन्सिना'च लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र छान आहे. पूर्ण शास्त्रीय नाव लिहिताना पुढे कंसात 'एल.' असतं. ते एल म्हणजे लिनियस. त्यानंतर ज्यांनी आडनाव बदललं त्यांची नावं. म्हणजे नावातच अख्खा चेंजलॉग. मूळ कोणी लिहिलं, नंतर हात कोणी लावला. जुनी नावं समानार्थी म्हणून नोंदलेली राहतात. मिमोसा निलोटिका शोधा, अकेशिया निलोटिका शोधा, पोहोचाल त्याच झाडापाशी.

हे मला का भिडलं ते सांगतो. एका जुन्या नोकरीत आम्ही दोन सिस्टिम एकत्र करत होतो. दोघांकडे एकाच नावाची सेवा होती. एक जुनी, छोट्या ग्राहकांची. दुसरी नवी, एका मोठ्या ग्राहकाची. मीटिंगमध्ये पाच मिनिटांत ठरलं, नाव मोठ्याला, छोट्यांनी बदलायचं. 'युजर जास्त' हे कारण. मीच तो कोड लिहिला, आणि जुन्या नावाला अ‍ॅलियस ठेवायला विसरलो. सोमवारी सकाळी छोट्या ग्राहकांचे फोन यायला लागले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. निर्णय आकड्यांनी बरोबर होता. आजही कदाचित तोच घेईन. पण ज्यांचं नाव जातंय त्यांना खोलीत बोलवायला हवं होतं, आणि त्यांचा जुना रस्ता चालू ठेवायला हवा होता. दुसरं काम वनस्पतिशास्त्रज्ञांनी आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं. पहिलं, मला वाटतं, त्यांनाही जमलं नाही.

पण नेहमी असंच होतं असंही नाही. दोन गोष्टी सांगून थांबतो.

2022 मध्ये 'प्रोसोपिस' हा जीनस असाच फुटला. त्यात आपली शमी होती, दसऱ्याची, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. आणि त्यातच वेडी बाभूळही होती, अमेरिकेतून आलेली, ओसाड रानं व्यापून बसलेली. इथेही नावाची खुंटी आपल्याकडेच होती. लिनियसने 1767 मध्ये प्रोसोपिस केला तो शमीवरून. संख्येने अमेरिकन जाती खूप जास्त. पण या वेळी नियम पाळला गेला. शमी प्रोसोपिसच राहिली, वेड्या बाभळीला 'नेल्टुमा' हे नाव घ्यावं लागलं. आणि हे नाव कोणाचं? परत तोच राफिनेस्क, तेच 1838 साल!

दुसरी गोष्ट 2024 ची, माद्रिदच्या काँग्रेसची. आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांना शिवी म्हणून वापरला जाणारा एक शब्द दोनशेहून जास्त वनस्पती, शैवालं आणि बुरशींच्या नावांत बसला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गिडियन स्मिथ आणि एस्ट्रेला फिगेरेदो या शास्त्रज्ञांनी तो बदलून 'आफ्रिकेची' अशा अर्थाचं रूप करावं असा प्रस्ताव मांडला. यात बाभळीच्या जुन्या फोल्डरमधलं, आता सेनेगालियात असलेलं एक झाडही होतं. या वेळीही 60 टक्के लागणार होते, आणि ते मिळाले. म्हणजे हा उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडता येतो, माणसं तेवढी जमवावी लागतात.

परवा तात्यांना फोनवर ही सगळी गोष्ट सांगितली. व्हिएन्ना, मेलबर्न, 54.9 टक्के, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं मग, आता ती बाभळ हाय का न्हाय?"

म्हटलं, आहे की.

"मग झालं. येताना दोर आण, खालच्या फांद्या उतरवायच्यात. कुंपणाला काटं कमी पडल्यात."

तर मंडळी, तुमच्या गावात या झाडांना काय म्हणतात? बाभूळ, बाभळ, की आणखी काही? बाभूळगाव, बाभळगाव अशी गावंही आहेत आपल्याकडे, त्यांची नावं अजून कोणी मतदानाला टाकलेली नाहीत. तुमच्याकडचं नाव आणि जमलं तर काट्याचा फोटो पाठवा. सरळ की वाकडा, तेवढ्यावरून व्हाचेलिया की सेनेगालिया याचा पहिला अंदाज आता तुम्हीच बांधा. भेटू पुढच्या भागात.